महिनाअखेरचा माल

१९९६ साली शारजाच्या रोल्ला बाजारातल्या आम्हा सेल्समन लोकांना अरबीपेक्षा रशियन जास्त येत होतं. तिकडचं सोव्हिएत राज्य बुडालं आणि तिथल्या शिक्षिका, नर्स, इंजिनियर बायका विक्रीचा माल न्यायला इथे येऊन ब्लँकेटांचे गठ्ठे उचलू लागल्या. ल्युदमिलाबाई त्यांतल्याच. पूर्वी कापडगिरणीत तपासनीस. आता वय अठ्ठावन्न, दुखऱ्या कमरेला पट्टा आणि तिकडे आपल्या गावच्या बाजारात भाड्याचा एक गाळा.

गठ्ठा निवडून झाला की त्याच्यावरच बसून त्या चहा घेत आणि जुनं उगाळत. "घर सरकारचं, सुट्टीत समुद्र सरकारचा. माझा शिक्का बसल्याशिवाय वारभर कापड बाहेर जात नव्हतं, सूर्या."

मी चिडवायचो, "एवढं सोन्याचं होतं, तर बुडालं कसं?"

तेव्हा त्या खरं सांगत. "वीस तारखेनंतर टार्गेटची घाई. मग डोळे मिटून शिक्के. म्हणून दुकानात आम्ही आधी मालाची तारीख बघायचो. महिनाअखेरचा माल शहाणा माणूस घेत नसे."

मी काय हसणार? पिंपरीच्या सरकारी कारखान्यात मीही तेच करून आलो होतो. तरी तिथलं कँटीन आठवलं की अजून जीव तुटतो.

त्या मार्चमध्ये मालक तय्यबभाईंनी कसर लागलेली ब्लँकेटं प्रत्येक गठ्ठ्याच्या मधोमध घालून शिवायला लावली. शिवलेला गठ्ठा दुकानात कुणी उसवत नाही. मी निमूट शिवले. व्हिसा त्यांच्या हातात होता.

ल्युदमिलाबाई आल्या त्याच थकलेल्या. मागच्या खेपेला दुसऱ्या दुकानात फसल्या होत्या. आता पुन्हा तसंच झालं तर गाळा जाणार होता. गठ्ठ्यावर हात ठेवून त्यांनी विचारलं, "याची तारीख काय?"

तय्यबभाई गल्ल्यावरून बघत होते.

"एकतीस," मी म्हणालो.

हात तिथेच थांबला. "आणि त्या पलीकडच्याची?"

"एकतीस. सगळ्यांचीच."

"क्या बोलती है?" तय्यबभाईंनी विचारलं.

"तारीख पूछ रही है, भाई."

खरं बोलून बरं वाटेल असं वाटलं होतं. कसलं बरं! नुसता शीण आला. बाई गठ्ठ्यावर टेकल्या, पट्टा सैल केला, जरा वेळ डोळे मिटून बसल्या.

"आमच्याकडे एकतीसनंतर निदान पहिली तारीख यायची," त्या म्हणाल्या आणि रिकामी ट्रॉली ढकलत बाहेर उन्हात गेल्या.