नवशीच्या नावाचा विमा

चिखल्याच्या चिकूवाडीत नवशी आणि लडक्या जोडीनं कामाला लागायचे. तिथली रीतच तशी. नवरा झाडावर, बायको खाली टोपलीशी, आणि मुकादमाची हाक एकच, "लडक्याची जोडी!" मजुरी एक, खाडाही एकच. एकाला ताप आला की दुसऱ्यानंही घरी बसायचं.

त्यामुळे पाड्यावर आलेल्या मनिष एजंटनं सांगितलं, "पेन्शनचा हप्ता वेगळा, दवाखान्याच्या विम्याचा वेगळा, एकात दुसरं येत नाही," तेव्हा दोघांना ते लगेच पटलं. दोन हप्ते, दोन माणसं. पेन्शन लडक्यानं घेतली, विमा नवशीनं. बाळंतपणात ती मरता मरता वाचली होती ना! मनिषनं अंगठे घेतले, कोरा चहा प्याला आणि गेला. जोडीला दोन्ही मिळालं म्हणून दोघं निवांत झाली, हप्ते मात्र एकदाही चुकवले नाहीत.

मग फांदी मोडली.

तलासरीच्या पुढे, हद्दीपलीकडच्या गुजरातेतल्या दवाखान्यात लडक्या स्ट्रेचरवर पडला होता. खुब्याचा चुरा. ऑपरेशन झालं तर पायानं चालेल, नाही तर नाही, एवढं बोलून डॉक्टर पुढे गेला. महाराष्ट्राचं मोफत उपचाराचं सरकारी कार्ड इथं चालत नव्हतं. नवशीनं रडणाऱ्या तान्हीला पदराखाली घेतलं आणि विम्याचं कार्ड खिडकीत सरकवलं.

खिडकीतल्या हर्षदानं ते उलटसुलट पाहिलं. "नवशी कोण?"

"मीच."

"काय होतंय तुम्हाला?"

"मला काय धाड भरलीय? नवरा पडलाय माझा."

"मग त्याचं कार्ड द्या. हे तुमच्या एकटीचं आहे, मावशी. तुम्ही पडायचं होतं."

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. हर्षदालाही हसू आवरेना.

"अगो बाय, आमी जोडीचे," नवशी काकुळतीनं म्हणाली. "दोघांनी मिळून भरलंय."

"जोडी लग्नात. इथं एकेकटं."

स्ट्रेचर खिडकीपासून लांब नव्हतं. लडक्यानं सगळं ऐकलं होतं. "आन माजी पेन्शन?" त्यानं पडल्यापडल्या विचारलं.

"साठीला मिळेल, हप्ते भरत राहिलात तर," हर्षदा मान वर न करता म्हणाली. "मध्येच गेलात तर बाईंना."

लडक्या नवशीकडे बघून दात काढून हसला. घाम डोळ्यांत उतरत होता. "बघ गो. पडलो तो पन अर्धवट. धड पडलो असतो तर तुजं भागलं असतं."

नवशीनं त्याच्या तोंडावर हात दाबला. हाताला पोरीच्या दुधाचा वास होता. त्यानं तो हात बाजूला सारला नाही. डोळे मिटून त्याच्याआडच श्वास घेत राहिला.

वॉर्डबॉय आला. "पैसे भरायचे नसतील तर स्ट्रेचर मोकळं करा. दुसरा पेशंट आलाय."

नवशीनं पोरीला पाठीशी बांधलं, पदर खोचला आणि वाकली.

"दादा, पाय कुठं धरू, म्हंजे दुखनार नाय?"

"कुठंही धरा," तो म्हणाला, "दुखणारच."