न तपासलेली भुतं

"तळघरात नवा फ्रिज रिकामा पडलाय," लोर्ना म्हणाली. "तो कशाला आणला मग?"

तिच्या नवऱ्यानं, ड्वेननं, चौथा ट्रे गाडीच्या मागच्या सीटवर सरकवला आणि दार लावून घेतलं. "असू दे गं. आमच्या हॉस्पिटलचा मोठा आहे. अंडी नीट राहतात."

"अंडी आपल्याकडेही नीट राहतील."

"चौदा वर्षं नेतोय मी. साडेचारला परत आणून देतो, पोरं यायच्या आत. आजच काय झालं तुला?"

तेच तर तिला सांगता येत नव्हतं. गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत ती ओले हात एप्रनला पुसत अंगणात उभी राहिली.

ओहायो नदीकाठच्या त्या लहानशा गावात लोर्ना पिट्झर शाळेच्या स्वयंपाकघरात बावीस वर्षं राबली होती. पोरांचे किडलेले दात रोज समोर बघितल्यामुळे हॅलोविनला, पोरं भुतांचे वेश घालून दारोदार खाऊ मागत फिरतात त्या संध्याकाळी, गोळ्या-चॉकलेटं वाटायची नाहीत, हे तिनं फार पूर्वी ठरवलं होतं. अर्ध्या केळ्याला मनुकांचे डोळे लावले की भूत व्हायचं. सोललेल्या संत्र्यावर सेलरीच्या हिरव्या देठाचा तुकडा खोचला की भोपळा. उकडलेल्या अंड्यावर काळ्या ऑलिव्हचे आठ पाय चिकटवले की कोळी. सफरचंदाच्या फोडीला खाच पाडून त्यात सूर्यफुलाच्या बिया बसवल्या की दात विचकणारं तोंड. केळी-सफरचंद काळी पडू नयेत म्हणून ती लिंबाचा हात फिरवायची. अख्ख्या रस्त्यावर हातानं केलेला खाऊ देणारं हे एकच घर. बाकी आया सीलबंद नसलेलं काही पोरांच्या पिशवीत पडू देत नसत. लोर्नाचं मात्र खाऊ देत, आणि त्याचा तिला मनातून अभिमान होता.

गेल्या आठवड्यात मात्र दुकानात पलीकडची कॉनी भेटली आणि म्हणाली, "यंदाही कोळी करणार ना? कर, कर. ड्वेन आहे म्हटल्यावर आम्हाला काळजी नाही." एवढं बोलून तिनं जीभ चावली आणि उगाचच सेलरी किती महाग झालीय ते सांगत बसली.

ड्वेनचा आणि कोळ्यांचा काय संबंध? त्या माणसानं जन्मात कधी अंडं उकडलं नव्हतं. आठ दिवस लोर्नाच्या डोक्यात तेच घोळत होतं आणि एकेक जुनं आठवत होतं. ट्रेवरचा प्लास्टिकचा कागद ती कडेनं आत दुमडायची. परत यायचा तेव्हा तो नुसता ताणून बसवलेला असायचा. मागच्या वर्षी एका भुताचा डोळा निघून भलत्याच जागी लागला होता. कुणीतरी हाताळत होतं. कोण, आणि कशासाठी? एकदा तर हॉस्पिटलात कुणी बाई असेल, असंही तिच्या मनात येऊन गेलं. मग अंड्यांचे ट्रे घेऊन बाईकडे जाणारा ड्वेन डोळ्यांसमोर आला आणि तिचं तिलाच हसू आलं. पण संशय काही गेला नाही.

तिनं कोट चढवला आणि चालत निघाली.

हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात तिथली आचारीण भांडी पुसत होती. "ड्वेन? एक्स-रेवाला? तो इथं कशाला येईल?"

"फ्रिजमध्ये ट्रे ठेवायला."

"माझ्या फ्रिजमध्ये? बाई, मी बाहेरचं काही ठेवू देत नाही."

एक्स-रे विभाग तळमजल्यावरच होता. तिथं टेबलाशी बसलेली मुलगी नवी होती. तिनं लोर्नाला ओळखलं नाही. "पाचच मिनिटं बसा. आत पिट्झरांचे ट्रे चाललेत, दर वर्षी असतात म्हणे. तुमचं काय, हात की पाय?"

लोर्ना बसली नाही. दारावरचा लाल दिवा विझल्याबरोबर तिनं दार ढकललं.

मोडक्या हातापायाची माणसं निजवतात त्या टेबलावर तिचा सफरचंदांचा ट्रे होता. भिंतीवरच्या उजेडाच्या पेटीवर एक फिल्म ओली-ओली लटकत होती, आणि तिच्यात तिचे कोळी होते. ऑलिव्हचे पाय जेमतेम दिसत होते. अंडी तेवढी फिकट, गोल, ओळीनं मांडलेली. ड्वेन चष्मा कपाळावर सरकवून त्यातलं एकेक अंडं निरखत होता.

"सापडलं काही?" लोर्नानं विचारलं.

तो दचकला नाही. चष्मा खाली घेतला. "नाही. कधीच नाही सापडलं."

"काय शोधतोस?"

"सुई. पिन. ब्लेडचा तुकडा." तो हळू बोलत होता. "चौदा वर्षांपूर्वी टीव्हीवर रोज तेच चाललं होतं, आठवतं? कुणीतरी पोरांच्या खाण्यात काय काय घालतं म्हणून. तेव्हा कॉनी आली माझ्याकडे. म्हणाली, आम्ही लोर्नाचं घेऊ, पण फेकून देऊ, तिला सांगू नकोस. तुझं सगळं कचऱ्यात जाणार होतं गं. मी म्हटलं, मी स्वतः तपासतो, मग तर खायला द्याल? तेव्हापासून दर वर्षी तपासतो आणि कॉनीला फोन करतो. ती बाकीच्यांना सांगते."

"म्हणजे सगळ्या रस्त्याला माहीत आहे."

"हो."

"मी सोडून."

बाहेरची मुलगी फोनवर कुणाला तरी वेळ देत होती.

"कॉनीचं जाऊ दे," लोर्ना म्हणाली. "तुला कधी वाटलं? माझ्याबद्दल?"

त्यानं लगेच नाही म्हणायला हवं होतं. त्यानं ट्रेची कड सारखी केली.

"पहिल्या वर्षी," तो म्हणाला.

ते वर्ष कुठलं, हे त्याला सांगावं लागलं नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये त्यांची मुलगी जन्मतःच गेली होती.

"तू बोलत नव्हतीस, लोर्ना. कामावर जात नव्हतीस. दिवसभर खिडकीत उभी राहून दुसऱ्यांची पोरं शाळेत जाता-येताना बघायचीस. आणि ऑक्टोबरात एकाएकी उठलीस आणि साठ पोरांचं करायला घेतलंस. मला काही कळेना. मी... मला भीती वाटली."

"आणि नंतर?"

"नंतर नाही. देवाशपथ नाही. नंतर नुसतं त्यांच्यासाठी."

लोर्नानं पुन्हा त्या फिल्मकडे पाहिलं. मग कोटाची बटणं लावली. "हे ट्रे वॉर्डातल्या पोरांना दे," ती म्हणाली. "तपासलेले आहेत."

घरी तिनं उरलेली केळी काढली. अंडी दहाच होती, ती उकडली. फळांच्या टोपलीतली सफरचंदं चिरली. घाईत कोळ्यांचे पाय वाकडे बसले, पण तिनं ते तसेच राहू दिले. पाच वाजता पायरीवर दिवा लावून ती ताट घेऊन दारात उभी राहिली.

"हे तपासलेलं नाही," प्रत्येक आईला ती सांगत होती. "आत्ता केलंय. घ्यायचं तर घ्या."

कुणी "थँक यू" म्हणून पोराला पुढे ढकललं. कुणी केळ्याचं भूत कागदात गुंडाळून पिशवीत टाकलं. त्याचं पुढे काय होणार ते लोर्नाला दिसत होतं. एका बापानं हसत हसत नको म्हणून हात हलवला. दोन पोरांनी तिथंच खाल्लं, पण त्यांच्याबरोबर मोठं कुणी नव्हतं.

ड्वेनची गाडी आली. तो गाडीतच बसून राहिला.

मग कॉनी आली, नातीला घेऊन. नात चार-पाच वर्षांची, वटवाघळाचे काळे पंख लावलेली.

"आज फोन आला नाही," कॉनी म्हणाली.

"येणारही नाही. हे न तपासलेलं आहे."

कॉनीचा चेहरा उतरला. तिनं गाडीकडे पाहिलं. "लोर्ना, तुला वाईट वाटावं म्हणून नव्हतं गं ते. लहान पोरं आहेत, म्हणून."

"मला समजतंय."

एवढ्यात नातीनं हात घालून एक कोळी उचलला आणि अख्खा तोंडात कोंबला. कॉनीचा हात पुढे झाला आणि मधेच थांबला. पोरीचे दोन्ही गाल फुगले होते. ती सावकाश चावत होती. पायरीवर उभ्या राहून दोघी बायका तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या. पोरीनं आवंढा गिळला, जिभेनं दातातला ऑलिव्ह काढला, तोही गिळला.

"मिसेस पिट्झर, अजून एक घेऊ?"

लोर्नानं कॉनीकडे पाहिलं. कॉनी हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. लोर्नाचे हात भरून आले होते. पण ताट तिनं पोरीच्या उंचीवर तसंच धरून ठेवलं.