कांद्याचं पथ्य

दुपारचं कलतं ऊन वर्तकनगरातल्या आमच्या इमारतीच्या जिन्यात उतरलं, की नलूवहिनींच्या घरातून कांद्याच्या फोडणीचा खमंग दरवळ येई आणि त्यापाठोपाठ बांगड्यांची किणकिण. बाई मोठ्या हसऱ्या, सढळ हाताच्या. वाढताना ‘पुरे’ हा शब्द त्यांना ऐकूच येत नसे.

मी रुग्णालयात एक्स-रे काढतो. त्यांच्या बारा वर्षांच्या प्राचीच्या नडगीचा एक्स-रे माझ्याच हातून निघाला. हाडाच्या कडेने फिकट रेषा एकावर एक चढल्या होत्या. हाडाचा कर्करोग होता. थोरले डॉक्टर शिकाऊ डॉक्टरांना म्हणाले, “बघा, कांद्याचे पापुद्रे.” देहातल्या अशा थरांना स्वयंपाकघरातली नावं द्यायची ही वैद्यकाची जुनी खोड; दाराशी आई उभी आहे, याचं भान मात्र कुणालाच राहिलं नाही.

संध्याकाळी वहिनींनी मला जिन्यात गाठलं.

“भाऊजी, रोज कच्चा कांदा खायची हो ती, भाकरीबरोबर. मीच द्यायचे. त्यानेच झालं ना?”

‘नाही’ म्हणायला एक श्वास पुरला असता. पण डॉक्टरांनी त्यांच्या हाती काहीच ठेवलं नव्हतं. निदान एक पथ्य तरी असू दे, असं मला वाटलं आणि मी मान खाली घातली. भ्याडपणाच तो.

एरवी चातुर्मासापुरता सुटणारा कांदा त्या घरातून कायमचा गेला. वहिनींचं हसू संध्याप्रकाशासारखं नकळत ओसरत गेलं. औषधांनी तोंडाची चव गेलेली प्राची शेवटच्या आठवड्यात एकच गोष्ट मागत होती.

“आई, एक फोड दे ना गं. फक्त एक.”

“बरी झालीस की हवा तेवढा खा, बाळा.”

मी दारातच उभा होतो. तेव्हाही बोललो नाही.

त्याला आता दोन वर्षं झाली. “मी आधीच बंद केला असता तर...” असं वहिनी अजून म्हणतात आणि मी काहीतरी निमित्त काढून उठतो. खरं सांगितलं तर त्यांच्या मनातला अपराधीपणा पुसला जाईल. पण मग लेकीला नाकारलेली ती एक फोड विनाकारण नाकारलेली ठरेल, आणि ते दुःख त्यांना पेलवेल असं मला वाटत नाही. काळ हेच औषध, असं म्हणतात. प्राचीची आठवण येते तेव्हा मला मात्र तिचा चेहरा आधी दिसत नाही. तिच्या आईसमोर गप्प उभा असलेला मी दिसतो.