जिन्यावर दुखणारी दाढ

"माझी दाढ परत बसवा," असं म्हणून तिने कागदाची पुडी दातांच्या डॉक्टरच्या टेबलावर आपटली.

डॉक्टर एका म्हाताऱ्याच्या तोंडात आरसा घालून वाकला होता. म्हातारा आ वासून बघत राहिला. त्याला दुसरं काही करताही येत नव्हतं.

"बाई, काढलेली दाढ परत बसत नसते."

"मग काढलीत कशाला? दुखणं आहे तिथंच आहे!"

"मी काढतो म्हणालो होतो?" डॉक्टरचाही तोल सुटला. "दाढ धडधाकट आहे, हे फोटो काढून दाखवलं होतं तुम्हाला. 'काढा, नाहीतर मी खुर्चीतून उठत नाही,' असं कोण म्हणालं?"

हे खरं होतं. पण समोरचा खरं बोलतोय म्हणून माघार घेणाऱ्यांतली ती नव्हती. हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या लाँड्रीत ती कामाला होती आणि तिथे तिला सगळे तोफ म्हणत. ओल्या चादरींचा गठ्ठा खांद्यावर टाकून गच्चीवर न्यायचा आणि वाळत घालायचा, हे तिचं काम. गेले काही महिने जिना चढताना तिचा डावीकडचा जबडा असा ठणकायचा की डोळ्यांत पाणी यायचं. वर कठड्याला टेकून उभं राहिलं की हळूहळू थांबायचा. मुकादमबाईंना सांगितलं, तर त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या, "काम केलं की दुखते आणि बसलं की राहते! कुठे मिळते अशी दाढ? मलाही एक हवी." सगळ्याजणी खिदळल्या. कोण कोण हसलं ते तिने नीट लक्षात ठेवलं होतं. एकेकीला बघून घेणार होती.

"जिना चढताना दुखतं?" डॉक्टरने आरसा खाली ठेवला. "चावताना नाही?"

"चावताना कधीच नाही."

"अहो, मग हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलंत? कुठे दुखतं ते विचारलंत. मी बोट ठेवलं."

यावर डॉक्टर भांडला नाही, आणि तिथेच ती पहिल्यांदा चपापली. भांडणारी माणसं तिला कळत. गप्प झालेली कळत नसत. तो म्हणाला, "आजच्या आज हृदयाच्या दवाखान्यात जा. कुणाला तरी बरोबर घ्या. चालत जाऊ नका."

बरोबर यायला नवरा होता. कारखान्यातून सुट्टी घ्यावी लागली म्हणून तो रिक्षात बसल्यापासून धुमसत होता.

"दातवाल्याने हृदयवाल्याकडे पाठवलं. आता हृदयवाला गुडघेवाल्याकडे पाठवेल. फिरू या गावभर."

"उतरा तुम्ही. जाते मी एकटी."

"उतरतो कशाला? माझाच तर दिवस वाया गेलाय."

दवाखान्याच्या मोठ्या खोलीत ओळीने खाटा होत्या. खाटांवर पुरुष आणि कडेला त्यांच्या बायका, पिशव्या सांभाळत. नर्स घाईघाईने आली. तिने नवऱ्याला खाटेवर बसवलं आणि त्याच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा गुंडाळायला घेतला. आणि या गृहस्थाने मुकाट्याने बाही वर केली!

"अहो, हात काय पुढे करता? पेशंट मी आहे!"

"अगं, तिने धरला म्हणून..." तो ओशाळला. नर्सही ओशाळली आणि त्या रागात तिने पट्टा हिच्या दंडाला जरा जास्तच आवळला.

"हळू गं. माणसाचा हात आहे, गठ्ठा नाही बांधत आहेस."

"काकू, गप्प पडून राहा. तुमच्या बोलण्याने आकडा चुकतो."

छातीला तारा लावून हृदयाच्या ठोक्यांची कागदी पट्टी काढली. तरुण डॉक्टरने ती वरपासून खालपर्यंत बघितली आणि जे सांगायचं ते सगळं नवऱ्याकडे बघून सांगितलं. "ठीक आहे सगळं. या वयात बायकांना होतं असं. झोप लागत नाही, पित्त वाढतं, चिडचिड होते."

"चिडचिड?" नवऱ्याला अगदी सख्खा भाऊ भेटल्यासारखं झालं. "डॉक्टर, नाकावर राग घेऊनच जन्मली आहे ही. मी घरी तेच सांगतोय."

दोघे हसले. आणि तोफ सुटली.

"हसा! दुखतंय मला आणि कळतंय यांना! तू रे, अजून मिसरूड फुटतंय, तुला माझं वय काय माहीत? एकदा माझ्याकडे बघून बोललास का? आणि तुम्ही! तुम्हाला शिंक आली तरी मी काढा करून..."

वाक्य अर्ध्यात तुटलं. तिने जबडा हाताने धरला. कपाळावर घाम डवरला. आसपासच्या खाटा आयता तमाशा बघायला वळल्या. नवरा म्हणाला, "बघा, आता ही नाटकं."

तरुण डॉक्टर मात्र हसायचा थांबला होता. "तारा काढू नकोस," तो नर्सला म्हणाला. "पट्टी घे. आत्ता, लगेच."

या वेळी पट्टी बघायला त्याला वेळ लागला नाही. जिभेखाली गोळी आली, नाकात प्राणवायूची नळी आली, धावपळ सुरू झाली. तिला भीती वाटली, मरणाचीच. आणि त्या भीतीच्या वर तरंगत एक दुष्ट आनंदही होता, आपण खरं बोलत होतो याचा. मुकादमबाई इथे असायला हव्या होत्या, असं तिला फार वाटलं.

मोठ्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी छातीवर यंत्र फिरवलं आणि पडद्याकडे बराच वेळ बघितलं. बोलणं त्यांचंही कोरडंच होतं, पण त्या तिच्याकडे बघून बोलत होत्या.

"रक्तवाहिनी अरुंद झाली आहे. आत्ताच आत नेऊन उघडायची. पण हृदयाचा हा एवढा तुकडा हलत नाहीये, बघा. तो आज गेलेला नाही. आधी एक झटका येऊन गेलाय."

"मला? कधी?"

"ते तुम्हीच सांगा. एखाद्या दिवशी खूप घाम, मळमळ, पाठीत जडपणा, उभंही राहवत नाही, असं?"

तिला आठवावं लागलंच नाही. तो दिवस तिने आजवर बाजूला ठेवला होता, इतकंच. "झालं होतं. उन्हाळ्यात. कामावरून घरी आले तेव्हा."

"तो तुकडा परत येईल का?" नवऱ्याने मध्येच विचारलं.

"नाही. तेव्हा लगेच आणलं असतं तर वाचवता आला असता." डॉक्टरीणबाईंनी तिला विचारलं, "त्या दिवशी कुणाला सांगितलं नाहीत?"

ती नवऱ्याकडे बघत राहिली. त्याने मान हलवली. "मला नाही काही बोलली. बोलली असती तर आणली नसती का?"

तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरोखरच आठवत नव्हतं, हे तिला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं, आणि तेच तिला सगळ्यांत जास्त लागलं.

"सांगितलं होतं," ती म्हणाली. जिभेखाली गोळी होती म्हणून आवाज हळू आला. "तुम्ही मॅच बघत होता. मी समोर येऊन उभी राहिले. म्हटलं, अहो, मला कसंतरीच होतंय. तुम्ही म्हणालात, आधी समोरून सरक."

नवरा दारापाशी जाऊन उभा राहिला.

"आजवर मी कुणापुढून सरकले नव्हते," ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली. "त्या दिवशी सरकले. आत जाऊन फरशीवर पडून राहिले, आणि मग उठून स्वयंपाकाला लागले."

डॉक्टरीणबाईंनी खूण केली आणि दोन माणसं चाकांची खाट घेऊन आली. तिला अलगद उचलून वर ठेवलं. नवरा दारात उभा होता. काहीतरी म्हणायचं म्हणून त्याने खाटेच्या दांडीला हात घातला आणि तसाच उभा राहिला. खाट अडली.

"काका," पुढचा माणूस म्हणाला, "जरा सरका."

तो सरकला.