फणसाच्या लाकडाची कंबर

"अगदी असंच दुसरं हवंय. जोडीतलं एक वाळवीनं खाल्लं," असं म्हणत त्या बाईने वर्तमानपत्राचं गुंडाळं सोडलं आणि तबक आमच्या फळीवर ठेवलं. बोलणं दक्षिणेकडचं, सायगॉनचं. अंगात हनोईच्या थंडीला न पुरणारा पातळ स्वेटर. नवीन वर्ष दहा दिवसांवर आलेलं, आता नवं काम घेत नाही, असं मी सांगणारच होते. पण तबकाकडे नजर गेली आणि पॉलिशची चिंधी माझ्या हातातच राहिली.

तसं ते साधंच होतं. फणसाचं लाकूड, पूर्वजांच्या देव्हाऱ्यात फळं मांडायचं उंच तबक. वर ताटली, खाली पाया, मधे दांडा. दांडा जिथे बारीक होतो त्याला आम्ही लाकूड कातणारे कातारी लोक कंबर म्हणतो. ताटली काय, कोणीही गोल करील. माणूस कळतो तो कंबरेत. या तबकाची कंबर खाली होती, पायापासून जेमतेम चार बोटांवर, आणि चांगली भरीव. हा माझ्या सासऱ्यांचा आकार. सासरे जाऊन सव्वीस वर्षं झाली, आणि त्यांच्यामागे तो आकार आमच्या गल्लीत कोणी केलेला नाही.

"कोपऱ्यावरच्या दुकानात दाखवलं," बाई म्हणाली. "ते म्हणाले, हा थुआनच्या बापाचा आकार, त्याच्याकडेच जा."

थुआन म्हणजे आमचे हे. ते मागे लेथवर होते. कानाशी यंत्र घरघरत असलं की त्यांना बायकोचं बोलणं ऐकू येत नाही, अशी त्यांनी स्वतःची सोय करून घेतली आहे.

सासऱ्यांना दोन मुलगे. थोरले क्वी, धाकटे हे. मी लग्न होऊन आले सत्तावन्न साली, तेव्हा थोरल्यांना घर सोडून तीन वर्षं झाली होती. पण ते भांडण सासूबाईंनी मला इतक्या वेळा सांगितलं की मी तिथे उभी होते असंच वाटतं. थोरल्यांनी एक दिवस तबकाची कंबर वर नेली, ताटलीच्या अगदी खाली, आणि मनगटाएवढी बारीक केली. म्हणाले, बघणाऱ्याची नजर आधी फळांकडे जायला हवी, ताटली कोणीतरी हातांनी वर धरल्यासारखी दिसायला हवी. सासरे म्हणाले, नजर वर जाईल आणि तबक खाली येईल. इथवर ठीक होतं. पण थोरल्यांनी ऐकलं नाही, आणखी सहा तबकं तशीच केली. सासऱ्यांनी गिऱ्हाइकांसमोर सहाच्या सहा चुलीत घातली.

त्याच साली देशाचे दोन तुकडे झाले. दक्षिणेला जाणाऱ्या बोटी भरत होत्या. कोणी धर्मापायी गेलं, कोणी भीतीपोटी. आमचे थोरले चार बोटं लाकडापायी गेले. जाताना फक्त स्वतःची हत्यारं घेतली.

हे बावीस वर्षांचे होते. मागे राहिले आणि वडील सांगतील तशी कंबर करत राहिले. सासरे गेले, त्यांचं वर्षश्राद्ध झालं, आणि त्यानंतर यांनी शेजाऱ्यांसाठी पहिलं तबक केलं त्याची कंबर वर सरकलेली. मी विचारलं तर म्हणाले, हात घसरला. तो हात पुढे पंचवीस वर्षं घसरतच राहिला. मधे सरकारी सहकारी सोसायटीत गिरणीच्या बॉबिनी कातल्या, देवाधर्माचं काम जवळजवळ बंद पडलं, तरी घरी चोरून केलेलं एखाददुसरं तबक असायचं ते त्याच कंबरेचं. आता लोक मुद्दाम थुआनची कंबर मागून घेतात. ती मुळात कोणाची, हे गल्लीत यांच्याखेरीज मला एकटीला ठाऊक. पंच्याहत्तर साली लढाई संपून दक्षिणेची वाट मोकळी झाल्यावर यांनी दोन पत्रं पाठवली, दोन्ही परत आली. तेव्हा एकदाच माझ्यापाशी बोलले होते. "दादा कधी आलाच, तर दुकानाच्या दारातच त्याला कळलं पाहिजे की आता भांडण नाही."

दक्षिणेतून आलेलं सासऱ्यांच्या आकाराचं तबक थोरल्यांखेरीज कोणाच्या हातचं असणार? मी आत जाऊन लेथचं बटणच बंद केलं. हे चिडून वळले, माझं तोंड पाहिलं आणि बाहेर आले. तबक हातात घेतलं, उलटं केलं, कंबरेवर अंगठा फिरवला.

"हे कधीचं?"

"एकाहत्तरचं," बाई म्हणाली. तिचं नाव दिएप, शाळेत शिकवायची. "माझी आई वारली तेव्हा क्वीकाकांनी करून दिलं. त्यांचं दुकान आमच्या घराला लागून होतं. तुम्ही ओळखता त्यांना?"

"माझे थोरले भाऊ," हे म्हणाले. मग तबक फळीवर ठेवून, "कसा आहे दादा?"

दिएपला वाटलं असणार आम्हाला माहीत असेल. तिने सांगितलं, क्वीकाका त्र्याऐंशी साली वारले, आठव्या महिन्याच्या सतराव्या तिथीला. चंद्राच्या सणाला मुलांना वाटायला भोवरे करून ठेवले होते, ते वाटले आणि दोन दिवसांनी गेले, म्हणून तिला तिथी पक्की आठवत होती. मूलबाळ नव्हतं. बायको दोन वर्षांनी गेली. आम्ही अकरा वर्षं त्यांच्या नावाची एक उदबत्ती लावली नव्हती. जित्या माणसाच्या नावाने कोण लावतं?

मी रडायला लागले. मी तर त्यांना पाहिलंही नव्हतं. हे रडले नाहीत. त्यांना वेगळंच विचारायचं होतं.

"कंबर नेहमी अशीच करायचा? वर, बारीक अशी कधीच नाही?"

"कधीच नाही. माझ्या वडिलांनी एकदा सांगून पाहिलं, जरा नाजूक करा, नवी फॅशन आहे. तर म्हणाले, नाही जमणार. उत्तरेत माझा धाकटा भाऊ आहे, तो बाबांच्या हाताखाली हेच करत असणार, म्हणून मीही हेच करतो. म्हणायचे, परत गेलो आणि दोघांची तबकं शेजारी ठेवली, तर बाबांना फरक कळता कामा नये."

तिच्या मागच्या फळ्यांवर नवीन वर्षासाठी तयार झालेली चाळीस तबकं उभी होती. चाळीसही वरच्या कंबरेची. दिएपने वळून पाहिलं, एकाच्या दांड्याला हात लावला.

"ही किती सुंदर आहेत. हा कोणाचा आकार?"

"माझ्या भावाचा," हे म्हणाले.

"पण काका तर..." आणि ती थांबली. हुशार बाई. पुढे काही विचारलं नाही.

तीन दिवसांची मुदत दिली. पहिल्या दिवशी यांनी दांडा कातला आणि माझ्यासमोर धरला. कंबर वर गेलेली. दुसऱ्या दिवशी निम्म्यावर आली, ना बापाची ना भावाची. मी म्हटलं, एवढं काय, पेन्सिलीने खूण करा की. म्हणाले, खूण करून कातायचं असतं तर बाबांनी मला आठ वर्षं का बसवलं असतं. तिसऱ्या दिवशी सकाळपासून थोरल्यांचं तबक मांडीवर घेऊन बसले, डोळे मिटून नुसता अंगठा फिरवत. दुपारी उठले आणि एका दमात कातून टाकलं. मी पॉलिश पेपर मारला, तेल दिलं, दोन्ही शेजारी ठेवली. लाकडाचा रंग सोडला तर मला फरक सापडला नाही, आणि मी फरक शोधणारी बाई आहे.

दिएप आली. कितीतरी वेळ दोन्हींवरून हात फिरवत राहिली. मग जुनं तबक यांच्याकडे सरकवलं. "हे तुम्ही ठेवा काका. खरं तर तुमच्याच घरचं आहे."

मला वाटलं घेतील. मनातून मला हवंही होतं. यांनी दोन्ही हातांनी उचललं, क्षणभर धरलं आणि तिच्या वर्तमानपत्रात परत नीट गुंडाळलं. "तुमच्या आईपुढे उभं आहे ते. त्याचं काम चालू आहे. चालू दे."

ती सायकल रिक्षात बसून वळणापर्यंत गेली. हे दारात उभे होते. मग आत येऊन लेथपाशी बसले. पाच तबकं अजून व्हायची होती, ठोकळा चढवलेला होता, हत्यार धार लावून ठेवलेलं होतं.

"न्हान," मला म्हणाले, "आता कोणासारखं करू?"

मी त्यांच्या बाहीवरचा भुसा झटकला आणि बटण दाबलं. फणसाचा ठोकळा बराच वेळ नुसताच फिरत राहिला.