सुपाएवढी माती

"किती राहिली?" हे वरच्या पायऱ्यांवरून ओरडले.

"ओरडू नका, आत पेशंट झोपलेत," मी खालून त्यांच्यापेक्षा मोठ्याने ओरडले.

सकाळचे सात वाजले होते. हॉस्पिटलच्या मागच्या उतारावर मी गुडघे टेकून फांद्या सरकवत होते. दहा वाजता मोठ्या बाई, म्हणजे हॉस्पिटलच्या मुख्य डॉक्टर, उतार बघायला येणार होत्या. पाच वर्षांचा निकाल होता हो! रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता.

आणि उतार तरी कसा दिसत होता! पायऱ्यांपासून खालच्या भिंतीपर्यंत बुटका ज्युनिपर पसरला होता. हे झाड उंच व्हायच्या भानगडीतच पडत नाही. गुडघ्याच्याही खाली राहून चारी बाजूंना हातपाय पसरतं. हिरव्यात निळसर झाक, हाताला खरखरीत, आणि चुरगाळलं की राळेचा वास. मी लावलेल्या साठ रोपांच्या फांद्या आता एकमेकींच्या अंगावर चढल्या होत्या. मला तिथल्या तिथे नाचावंसं वाटत होतं. फक्त पायऱ्यांशेजारी थोडी माती उघडी होती.

"सुपाएवढी," मी म्हणाले.

ती जागा कुठली, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

सहा वर्षांपूर्वी हे तिथेच पडले. तेव्हा उतारावर गवत होतं आणि हॉस्पिटलचे माळी हे होते. ओल्या गवतावर पाय घसरला, गवत कापायचं मशीन अंगावर आलं आणि उजवा खुबा मोडला. त्यांच्या जागी मला घेतलं. पहिल्याच दिवशी मशीन माझ्या ताब्यात आलं हे कळल्यावर ह्यांनी समोरचं ताट बाजूला सारलं.

"त्या उतारावर तू मशीन धरायचं नाहीस. दुसरं काहीही लाव, पण गवत नको."

नर्सरीच्या जुन्या यादीतून ज्युनिपर शोधला तोही ह्यांनीच. मोठ्या बाईंनी ऐकून घेतलं आणि अट घातली, "पाच वर्षं देते. त्यानंतर माती दिसली तर परत गवत. माती वाहून खाली औषधांच्या खोलीत येते, ते मला चालणार नाही." गवत म्हणजे मशीन, आणि मशीन म्हणजे मी.

त्यातलं पहिलं वर्ष आम्ही दोघांनी मिळून वाया घालवलं. रोपं आधी पिवळी पडली, मग तपकिरी. तहानली असतील म्हणून मी रोज सकाळी आणखी पाणी घालायचे. एक उपटून पाहिलं तर मुळं कुजलेली. मी घालते तेवढ्या पाण्याने कुजतील कशी, मला कळेना. मग एके सकाळी पाण्याच्या नळीकडे लक्ष गेलं. मी वेटोळी उजवीकडून घालते, ही डावीकडून घातलेली होती. अशी उलटी नळी गुंडाळणारा जगात एकच माणूस मला माहीत होता.

"दुपारी जरा पाणी घालून येतो," विचारल्यावर हे म्हणाले. "तू विसरलीस तर म्हणून."

"मी? मी विसरेन?"

"बरं, नाही विसरणार. पण ऊन किती असतं!"

बावीस रोपं मेली. मी चार दिवस ह्यांच्याशी बोलले नाही. पाचव्या दिवशी मनात आलं, हा माणूस काठी टेकत रोज दुपारी चोरून तिथवर जात होता. मग रागवायचं तरी कोणावर?

नवी रोपं आणली, पाणी बेताने घातलं. फांद्या पुढे सरकल्या की वाकवलेल्या तारेने मातीला टेकवून ठेवायची युक्ती ह्यांची. "माळीणबाई, तुमचं झाड उठून उभं राहणार कधी?" असं नर्सा चिडवायच्या. मी म्हणायचे, "त्याला झोपायचाच पगार आहे." सगळीकडे रोपं धरली. पायऱ्यांशेजारी मात्र तीन गेली आणि चौथं अजून रांगत होतं.

"त्या मातीवर कुंडी ठेवू?" मी आत्ता ह्यांना विचारलं.

"बाई काय आंधळ्या आहेत?" असं म्हणत हे काठी टेकत आले आणि चक्क त्या मातीवर बसले. "म्हातारा माणूस, दम लागला, बसला."

"उठा! काय पोरखेळ लावलाय? दहापर्यंत बसून राहणार?"

"सहा वर्षं बसूनच आहे."

मी परत फांद्या सरकवायला लागले.

दहाला मोठ्या बाई आल्या, मागे वही घेऊन कारकून. बाईंनी चार ठिकाणी फांद्या उचलून पाहिल्या, कौतुकाने मान हलवली. मी हवेत तरंगत होते. मग त्या पायऱ्यांकडे वळल्या, आणि ह्यांची जुनी सवय आडवी आली. साहेब दिसला की उठायचं! हे काठीवर जोर देऊन अर्धे उठले.

"बसा, बसा," बाई म्हणाल्या. पण त्यांची नजर खाली गेली होती. ह्यांच्या दोन बुटांच्या मधे लाल माती स्पष्ट दिसत होती.

मला राहवेना. "बाई, तिथे अजून..."

"पाय कसा आहे, काका?" बाईंनी मला मधेच थांबवलं.

"उतरता येतं," हे म्हणाले. "चढताना त्रास होतो."

बाई कारकुनाकडे वळल्या. "लिहा. माती दिसत नाही. गवताचं मशीन भंगारात द्या." जाता जाता ह्यांना म्हणाल्या, "पुढच्या वर्षी मात्र उभ्याने भेटायचं हं."

त्या कोपऱ्यावरून वळल्या आणि मी उडीच मारली. "अहो, मशीन भंगारात! ऐकलंत का?" मी हात धरून ह्यांना ओढायला लागले.

"थांब, ओढू नकोस."

मग माझ्या लक्षात आलं. दुखरा पाय तीन तास एका बाजूला अवघडून ठेवून हे बसले होते, कारण पाय सरळ केला असता तर ज्युनिपरचं एक कोवळं टोक त्याखाली चिरडलं असतं. ते त्यांनी अलगद सोडवलं, मातीवर पसरलं, खिशातून वाकवलेली तार काढली आणि अंगठ्याने दाबून बसवली.

"आता धर हात."

उठले, तर पॅन्टला मागे लाल मातीचा हा एवढा गोल. मी झटकायला हात पुढे केला.

"राहू दे," हे म्हणाले, आणि हॉस्पिटलच्या पुढच्या दारातून, सगळ्यांच्या देखत, तसेच चालत गेले.