‘साईड गेट’चे जुने भाग

मे महिन्यातल्या एका बुधवारी सकाळी कुंदाने विचारलं, "अहो, तिकडे या दिवसांत बर्फ पडतो का?"

विष्णू पलंगाच्या कडेला बसून तिच्यासाठी चहा निववत होता. मोबाईल उशीजवळ ठेवलेला. त्यातून रोनित इंग्रजीत सांगत होता, की कालपासून बर्फ थांबलेला नाही, स्टुडिओचं दार फावड्याने मोकळं करावं लागलं, आणि सर्दीमुळे आवाज असा येतोय त्याबद्दल मंडळींनी सांभाळून घ्यावं. मग गिटार सुरू झाली.

"पडत असेल," विष्णू म्हणाला. "अमेरिका आहे ती."

"ही सर्दी त्याला जानेवारीत झाली होती. गाणंसुद्धा तेच आहे. हा कार्यक्रम आपण ऐकलाय." कुंदाने डोळे मिटले. "नवीन गाणी लावतो म्हणतो ना तो? मग जुना कार्यक्रम कशाला लावतील?"

विष्णूने चहाचा कप तिच्या ओठांना लावला. दोन घोटांनंतर तिने मान फिरवली.

रोनित त्यांचा एकुलता एक. अबू धाबीत वाढला, शाळा तिथलीच. बाप मुसफ्फातल्या एका वर्कशॉपमध्ये स्टोअरकीपर, घर मोहम्मद बिन झायद सिटीत. मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर द्यायचं, असा मुलगा. इंजिनिअरिंग करायला मिसुरीला गेला आणि तिसऱ्या सेमिस्टरला कॉलेज सोडलं. तिथल्या एका लहान गावात बेकरीत काम करू लागला आणि मंगळवारी रात्री गावाच्या रेडिओवर कार्यक्रम करू लागला. गावानेच चालवलेला रेडिओ, चर्चच्या मागच्या दोन खोल्यांत. बोलणाऱ्याला पगार नाही. कार्यक्रमाचं नाव ‘साईड गेट’. त्यात अमेरिकाना, आल्ट-कंट्री अशी गाणी लागायची. तिकडच्या खेड्यापाड्यांतल्या गाण्यांना तरुण पोरांनी आपला सूर दिलेला, रांगडा आणि बराचसा उदास. शहरातल्या मोठ्या स्टेशनांवर ज्यांना कोणी विचारत नाही, अशांची नवी गाणी रोनित शोधून शोधून लावायचा.

विष्णूला हे कळलं तेव्हा तो फोनवर म्हणाला, "आजपासून तू आमचा कोणी नाहीस." त्याला तीन वर्षं झाली. रोनितने नंबर बदलला. पुढे पुण्याच्या मैथिलीने, कुंदाच्या भाचीने, कुठूनतरी रेडिओची लिंक शोधून पाठवली. तिथले मंगळवारी रात्रीचे नऊ म्हणजे इथले बुधवारी सकाळचे सहा. पहिले काही महिने कुंदा स्वयंपाकघराचं दार लोटून एकटीच ऐकायची. मग एका बुधवारी विष्णू आत येऊन स्टुलावर बसला, आणि तिने फोन दोघांच्या मधे ठेवला. गाण्यांतलं त्यांना फारसं कळत नसे. दोन गाण्यांच्या मधला मुलगा ते ऐकत. "आज जेवला नाहीये नीट," कुंदा म्हणायची. किंवा, "हसला बघा. बरा आहे."

मार्चमध्ये कुंदाच्या स्वादुपिंडात गाठ निघाली. आता डॉक्टर दिवसांची भाषा बोलत होते. घरीच पलंग, ऑक्सिजनचं मशीन, वेदनेसाठी छातीवर चिकटवायच्या पट्ट्या आणि सकाळी नऊला येणारी नर्स. रोनितला यातलं काहीच माहीत नव्हतं. कळवायचं कुठे? विष्णूने रेडिओच्या वेबसाईटवर दोनदा निरोप लिहिला होता. पहिल्यात फक्त "प्लीज कॉल होम" लिहिलं, नाव घातलंच नाही. दुसऱ्याला उत्तर आलं नाही.

त्या बुधवारी कुंदाचा डोळा लागल्यावर त्याने गॅलरीत जाऊन स्टुडिओचा नंबर लावला. कार्यक्रम चालू होता, आत उशीजवळच्या मोबाईलवर रोनितचा आवाज येत होता, आणि तिकडे स्टुडिओतली घंटी नुसती वाजत राहिली. सात वेळा लावला. कोणी उचलला नाही.

संध्याकाळी सहाला, तिकडे ऑफिस उघडायच्या वेळेला, त्याने वर्कशॉपच्या आवारातून परत लावला. पत्र्याच्या सावलीतही अंग भाजत होतं. एका वयस्क बाईने उचलला. मार्सी तिचं नाव.

"‘साईड गेट’ ना?" ती म्हणाली. "ते जुने भाग आहेत. रॉनी फेब्रुवारीपासून येत नाही. त्या वेळेला दुसरं कोणी मिळेना, म्हणून आम्ही जुनेच लावतो. लोकांना आवडतात."

विष्णू भिंतीला टेकला. तीन महिने. तीन महिने कुंदा त्या आवाजावरून सांगत होती की पोरगा बरा आहे.

"कुठे गेला तो?"

"बेकरी बंद झाली. कुठल्यातरी शेतावर काम मिळालं म्हणाला होता. जुना नंबर लागत नाही. तुम्ही कोण बोलताय?"

"मी श्रोता," विष्णू म्हणाला. मग म्हणाला, "वडील. मी त्याचा बाप. दुबईजवळून बोलतोय. त्याची आई मरायला टेकली आहे."

मार्सी म्हणाली, "आईबद्दल तो बोलायचा." बापाबद्दल काही बोलायचा का, हे ना तिने सांगितलं ना याने विचारलं. "असं करू या," ती पुढे म्हणाली. "तुम्ही निरोप सांगा, मी रेकॉर्ड करते. आम्ही सगळ्या कार्यक्रमांत लावू. इथली माणसं लांब लांब शेतांवर रेडिओ ऐकतात. तुमच्याच भाषेत बोला. ज्याच्यासाठी आहे त्याला कळलं म्हणजे झालं."

विष्णूने काहीच ठरवलं नव्हतं. आवारात फोर्कलिफ्ट मागे येत होती, तिचा पीं पीं आवाज थांबेपर्यंत तो गप्प राहिला. मग बोलला.

"रोनित, मी बाबा बोलतोय. आई फार आजारी आहे. पोटात गाठ आहे, आता काही होण्यासारखं नाही. ती दर बुधवारी तुला ऐकते. तू तिथे नाहीस हे मला आज कळलं, तिला अजून सांगितलेलं नाही. आणि तुझा इथला, माझ्या नावावर काढलेला व्हिसा. तो आपोआप गेला नव्हता. मी टायपिंग सेंटरला जाऊन, अर्ज भरून कॅन्सल केला होता. रागात केला. आईला माहीत नाही. तिच्यावर राग धरू नकोस. जिथे असशील तिथून फोन कर. घरचा नंबर तोच आहे."

तो घरी आल्यावर कुंदाने विचारलं, "काही कळलं?"

"सुट्टीवर आहे म्हणाले. तोवर जुने भाग लावतात."



पुढचा आठवडा विष्णूने फोन हातातून खाली ठेवला नाही. स्टोअरमध्ये बोल्टऐवजी वायसर द्यायचा, माणसं परत यायची. शेवटी त्याच्या हाताखालच्या इद्रीसने खिडकी स्वतःकडे घेतली. "विष्णूभाई, आप बैठो. मैं देखता हूं." फोन येत होते, पण ते औषधवाल्याचे आणि बँकेचे.

पुढचा बुधवार उजाडला. सहाला पाच कमी असताना विष्णूच्या एकदम ध्यानात आलं, की सगळ्या कार्यक्रमांत म्हणजे याही कार्यक्रमात.

"आज नेट चालत नाहीये," तो म्हणाला.

"द्या इकडे." कुंदाने हात पुढे केला. मनगट इतकं बारीक झालं होतं की बांगड्या कधीच काढून ठेवल्या होत्या. तिने स्वतः लिंक दाबली.

आधी मार्सी बोलली. आमच्या रॉनीसाठी एक निरोप आहे, कोणाला तो कुठे आहे माहीत असेल तर कृपया त्याला ऐकवा. आणि नऊ तास मागे असलेल्या मिसुरीतून, समुद्रापलीकडून, त्या खोलीत विष्णूचा आवाज आला. तो स्वतः समोर उभा होता आणि आवाज उशीजवळून येत होता. कुंदा छताकडे बघत ऐकत होती. टायपिंग सेंटर आलं तेव्हा तिचे डोळे हलले नाहीत. निरोप संपला, एका बाईचं गाणं लागलं, व्हायोलिनसारखं काहीतरी लांबट रडत होतं. कुंदाने ते बंद केलं. इतक्या दिवसांत तिने कार्यक्रम मधेच कधी बंद केला नव्हता.

"तुम्ही मला म्हणाला होतात, सहा महिने तो बाहेर राहिला म्हणून इथला व्हिसा आपोआप गेला."

"हो."

"मी त्याला तसंच लिहिलं. तू वेळेत आला नाहीस, तुला आमची किंमत नाही, असं लिहिलं मी." ती थांबत थांबत बोलत होती, दोन शब्दांना एक श्वास. "तो दर सुट्टीला यायचा. त्या वेळेलाही तिकीट काढलं होतं त्याने. माझा तो मेसेज वाचला, आणि मग त्याने नंबर बदलला."

विष्णू खाली बसला, जमिनीवरच. कुंदाने भिंतीकडे तोंड केलं. नऊला नर्स आली, तिने दोघांकडे पाहिलं आणि मुकाट्याने पट्टी बदलली. दिवसभर कुंदा त्याच्याशी बोलली नाही. त्याने पेज भरवली, ती तिने खाल्ली. संध्याकाळी फक्त एवढं म्हणाली, "त्याचा फोन आला तर आधी माझ्याकडे द्यायचा. तुम्ही बोलायचं नाही."

फोन शनिवारी दुपारी चारला आला. गुरांच्या एका शेतावर रोनित कुंपणं दुरुस्त करायचं काम करत होता. मालकाच्या बायकोने गोठ्यातल्या रेडिओवर निरोप ऐकला होता, मराठीचं एक अक्षर न समजता. नाव तेवढं तिला कळलं. विष्णूने "हॅलो"सुद्धा न म्हणता फोन कुंदाच्या कानाशी धरला आणि तिने खूण केल्यावर स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिला. आतून तिचा आवाज येत होता. "घसा बरा आहे का रे?" मग, "मी चुकीचं लिहिलं होतं तुला. मला माहीत नव्हतं."

चाळीस मिनिटांनी तिने हाक मारली. "बोला आता."

"रोनित, तू ये," विष्णू म्हणाला.

"पासपोर्ट संपलाय, बाबा. गेल्या वर्षी." रोनित मराठीत बोलत होता, शब्द जपून ठेवत. "कॉलेज सोडल्यापासून इथे राहायचे पेपर्स नाहीत. शिकागोच्या कॉन्सुलेटमध्ये इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळतं. त्यावर फक्त इंडियाला जाता येतं. तिकडे अबू धाबीला नाही."

"आणि परत अमेरिकेला?"

"दहा वर्षं तरी नाही. ते सोडा. आईला इंडियाला आणता येईल का?"

विष्णूने सांगितलं, आणतो. पण डॉक्टरांनी विमानाला साफ नकार दिला. त्याने स्ट्रेचरची चौकशी केली, तर एअरलाईनला डॉक्टरचं पत्र हवं. डॉक्टरकडे परत गेला, हात जोडले. डॉक्टर म्हणाले, "वाटेतच जातील त्या. मी सही करणार नाही." रोनितला इथला व्हिझिट व्हिसा मिळतो का, हे बघायला तो इमिग्रेशनच्या काऊंटरवर गेला. चालू पासपोर्टचा नंबर टाकल्याशिवाय अर्ज पुढेच सरकेना. काऊंटरवरच्या मुलाने कॉम्प्युटरचा पडदा त्याच्याकडे वळवून दाखवला. "सिस्टीम नहीं लेता, अंकल. खलास." विष्णू तिथेच खुर्चीवर बसून राहिला. मागचा टोकन नंबर पुकारला गेला, त्याच्याही मागचा. एकदा ज्या सिस्टीममधून त्याने पोराचं नाव काढून टाकलं, तीत ते परत घालायला त्याच्याकडे काही उरलं नव्हतं.

रोनितने तरीही सर्टिफिकेट काढलं आणि मुंबईचं तिकीट घेतलं. निदान जवळ तरी येतो, म्हणाला. रोज दुपारी तो फोन करायचा, कधी कुंदा बोलायची, कधी नुसती ऐकायची. गुरुवारी दुपारी दोनला ती गेली. रोनित तेव्हा शिकागोच्या विमानतळावर होता, तिथे पहाटेचे पाच वाजले होते. विष्णूने फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "ओके." मग म्हणाला, "तरी मी येतो."

पुढचं सगळं इद्रीसने केलं म्हटलं तरी चालेल. मृत्यूचा दाखला, एम्बसी, तिचा पासपोर्ट रद्द करून घेणं, शवपेटी. शनिवारी सकाळी विष्णू मुंबईला उतरला आणि कार्गोच्या फाटकाशी गेला. मैथिलीच्या शेजारी एक दाढीवाला, रोडावलेला माणूस उभा होता. तळहातांवर तारेचे ओरखडे. विष्णूला तो ओळखू यायला क्षणभर लागला. पेटी बाहेर आली. बाप-लेकांनी एकेक बाजू धरून ती अॅम्ब्युलन्समध्ये चढवली. विष्णू काही बोलायला गेला, तर रोनित म्हणाला, "आत्ता नको."

गावी, लांज्यापर्यंतचा रस्ता. विष्णू ड्रायव्हरशेजारी बसला, रोनित मागे पेटीजवळ, मैथिली आपल्या गाडीने पुढे गेलेली. माणगावला ड्रायव्हर चहाला थांबला. विष्णू दोन ग्लास घेऊन मागच्या दाराशी आला. रोनितने एक घेतला.

"शेवटी काय म्हणाली ती?" त्याने विचारलं.

विष्णूच्या मनात बरंच काही येऊन गेलं. पोराला बरं वाटेल असं. "पडदा ओढा म्हणाली," तो म्हणाला. "ऊन डोळ्यांवर येत होतं."

"माझ्याबद्दल?"

"अकरा वाजता विचारलं होतं, विमान सुटलं का. मी सुटलं म्हणालो."

रोनितने मनातल्या मनात तास मोजले. "तेव्हा मी बसमध्ये होतो."

"हो. मला माहीत होतं."

रोनित चहाकडे बघत राहिला. "तिला खरं वाटलं?"

"माहीत नाही," विष्णू म्हणाला. "तिने मान हलवली."

ड्रायव्हरने हॉर्न दिला. रोनित पेटीच्या बाजूला थोडा सरकला. विष्णूला आत बस म्हणाला नाही, पण दारही लावून घेतलं नाही. विष्णू क्षणभर थांबला, मग दांडी धरून वर चढला आणि आतून दार ओढून घेतलं.